प्रकरण चारमधील चौतीस मिनिटे

प्रति,
मा. विभागप्रमुख,
प्रौढ श्रवण उपचार विभाग,
अहिल्यानगर

अर्जदार : सौ. प्रज्ञा विलास पगारे, परिचारिका, रा. केडगाव, अहिल्यानगर

विषय : प्रशिक्षण पुस्तिकेतील प्रकरण क्र. ४ मध्ये रुग्णाच्या मुलीचे म्हणून छापलेले उत्तर चुकीचे असल्याने ते दुरुस्त होण्याबाबत.

संदर्भ : १) दि. ४ मार्च २०२६ रोजीचे परिचारिका प्रशिक्षण
२) रुग्णाची दि. १८ नोव्हेंबर २०२५ रोजीची फेरतपासणी

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, संदर्भ क्र. १ च्या प्रशिक्षणास अर्जदार हजर होती. प्रकरण क्र. ४ वाचून दाखवण्यात आले. त्यातील मजकूर असा : "पुरुष, वय ६८. खडी क्रशरवर सव्वीस वर्षे काम. उजव्या कानास श्रवणयंत्र. यंत्रातील नोंदीनुसार सरासरी वापर दिवसाला चौतीस मिनिटे. मुलगी सांगते की यंत्र डबीतच असते, ते कंटाळा करतात. निष्कर्ष : रुग्णास ऐकण्याची इच्छा नाही. डाव्या कानाच्या यंत्राची शिफारस नाही." असे का होत असावे, असे प्रशिक्षण देणाऱ्या श्रवणतज्ज्ञ मॅडमनी विचारले. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "बायकोची कटकट ऐकायची नसेल." सगळा वर्ग हसला. अर्जदारही हसली. मग तिची नजर पुन्हा पुस्तिकेवर गेली आणि खडी क्रशर हे शब्द तिने दुसऱ्यांदा वाचले.

२. सदर रुग्ण हे अर्जदाराचे वडील, श्री. भीमराज केरू जगधने, रा. मिरजगाव, ता. कर्जत. पुस्तिकेत नाव नाही, त्याबद्दल तक्रार नाही. ती मुलगी म्हणजे अर्जदार.

३. फेरतपासणीच्या दिवशी यंत्र वडिलांच्या कानातून काढून संगणकाला जोडलेले होते. त्यामुळे खोलीत काय बोलणे चालले आहे ते त्यांना कळत नव्हते. तपासणाऱ्या मॅडमनी अर्जदाराकडे पाहून विचारले, वापरतात का? अर्जदाराने वर नमूद केलेले उत्तर दिले. वडील दोघींकडे पाहून मान डोलवत होते. अर्जदार महिन्यातून एखाद्या रविवारी दुपारी गावी जाई व चारच्या एस.टी.ने परत येई. त्या वेळेत यंत्र डबीत दिसे, एवढेच तिला माहीत होते.

४. प्रशिक्षणानंतरच्या रविवारी, दि. ८ मार्च रोजी, अर्जदार मिरजगावला गेली व वडिलांना तिने प्रथमच सरळ विचारले. त्यांनी जे सांगितले ते असे.

अर्जदाराची आई लंकाबाई याही त्याच क्रशरवर पाट्या उचलीत होत्या. वडिलांचे कान गेले, आईच्या छातीत धूळ बसली. बावीस वर्षे वडिलांशी बोलायचे म्हणजे ओरडायचे, आणि घरात ते काम आईच करी. मागील वर्षी आईला दम पुरेना. चार शब्दांनंतर थांबावे लागे. वडील म्हणाले, "तिला वरडता येईना. मग मी म्हनलं, आता आपल्यालाच ऐकाया पायजे." यंत्र घ्यायला ते त्यासाठी आले होते. तपासणीच्या कागदावर कारण "वय" असे लिहिलेले आहे.

सकाळी चहा झाल्यावर आईला थोडा दम असे. तेवढा वेळ वडील यंत्र घालून तिच्या खाटेशी बसत. इतक्या वर्षांत त्यांना ऐकू न आलेले एकेक ती त्यांना सांगे. अर्जदाराचे लग्न झाले तेव्हा सासरी निघताना अर्जदार वडिलांच्या गळ्यात पडून काय म्हणाली होती, हे त्यांना एकवीस वर्षांनी कळले. त्या वेळी ते नुसते हसले होते, याचा अर्जदाराला इतकी वर्षे राग होता. आई दमली की ते यंत्रातला सेल काढीत व त्याची चिकटपट्टी पुन्हा त्यावर लावून ठेवीत. तशी पट्टी लावून सेल टिकत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सहा सेलचे पाकीट देताना अर्जदाराने एवढेच सांगितले होते, "बाबा, जपून वापरा. हे मिरजगावात मिळत नाहीत."

सबब, चौतीस मिनिटे हा आकडा बरोबर आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

५. पुढील माहिती पुस्तिकेत कोठेही नाही. ती फक्त अर्जदाराकडे असल्याने येथे नमूद करणे तिला भाग आहे. दि. १३ जानेवारी रोजी शेजारचे सूर्यभान यांचा फोन आला : "ताई, काकांचे सेल संपलेत, काकू लई थकलीय." अर्जदार म्हणाली, रविवारी आणते. त्या रविवारी मैत्रिणीच्या मुलीचा वाढदिवस होता. अर्जदार गेली नाही. कंडक्टरकडे पुडी दिली असती तरी दोन तासांत पोहोचली असती. गुरुवार, दि. २२ रोजी आई वारली. अर्जदार मातीला गेली तेव्हा सेल तिच्या पर्समध्ये होते.

त्या नऊ दिवसांतही वडील रोज सकाळी खाटेशी बसत होते. आई बोलत होती, ते तिच्या ओठांकडे पाहत होते. जाण्याआधी दोन दिवस ती बराच वेळ बोलली, मधे थांबून, पुन्हा बोलली. शेवटी तिने काहीतरी विचारले असावे, कारण ती त्यांच्याकडे बघत राहिली. वडील अर्जदाराला म्हणाले, "मी व्हय म्हनलो. तिला बरं वाटलं. पर कशाला व्हय म्हनलो ते मला ठाव न्हाई, पोरी."

अर्जदाराने त्यांना फोनचे व वाढदिवसाचे सांगितले. ते म्हणाले, "आसूंदे. तुला बी तुजा संसार हाय." सेल संपल्यापासून यंत्राचा वापर शून्य आहे. पुढील तपासणीत तशी नोंद दिसेल.

६. तरी विनंती की,
अ) "ऐकण्याची इच्छा नाही" हे वाक्य पुस्तिकेतून काढावे.
आ) मुलीचे उत्तर खोडून तेथे "मुलीस माहिती नव्हती" असे छापावे. सेल वेळेवर न दिल्याचेही छापावे. अर्जदाराची हरकत नाही, नाव घातले तरी चालेल.
इ) डाव्या कानाच्या यंत्राचा फेरविचार व्हावा. वडिलांनी तसे मागितलेले नाही. ते म्हणतात, आता काय ऐकायचं हाय? परंतु ते अडुसष्ट वर्षांचे आहेत, घरात एकटे आहेत, आणि अर्जदाराने आता दर रविवारी मुक्कामाला जायचे ठरवले आहे.

७. बुधवार, दि. १८ मार्च रोजी अर्जदार त्यांना घेऊन विभागात येत आहे. कृपया यंत्र त्यांच्या कानातच राहू द्यावे, त्यांच्या समोर बसावे आणि हळू बोलावे. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागतो, पण ते देतात. जे विचारायचे ते त्यांनाच विचारावे. अर्जदार बाहेर बाकावर बसून राहील.

दुरुस्तीच्या अपेक्षेत, आपली नम्र,

(सही)
सौ. प्रज्ञा विलास पगारे
दि. १० मार्च २०२६

सोबत : १) पुस्तिका पृष्ठ ११ ची छायाप्रत
२) श्री. भीमराज जगधने यांचे संमतीपत्र, अंगठ्यासह