मेंढीच्या मेंदूतला मालक

मिरज, १२ डिसेंबर १९७६

तीर्थस्वरूप नाथाजीमामांच्या चरणी भाचा सयाजीचा दंडवत. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. आम्ही इकडे खुशाल आहोत. निदान शरीराने तरी.

मामा, तुम्ही कोरेगावच्या बाजारात सांगत सुटला आहात, की आमच्या भाच्याचं नाव जगातल्या विद्वानांच्या पुस्तकात छापलंय. ते खरं आहे. (माझं संशोधन मेंदूवर आहे. बाजारातले लोक 'मेंढूवर' म्हणतात, आणि मी प्रयोग मेंढ्यांवरच करतो, म्हणून आता कुणाला दुरुस्त करत नाही.) पण ते नाव कसं छापलं, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

यंदापर्यंत माझे एकूण तीन निबंध प्रसिद्ध झाले होते. पहिला कॉलेजच्या वार्षिकात, तिथे माझ्या फोटोखाली क्रीडाशिक्षकांचं नाव पडलं. दुसरा एका परिषदेच्या अहवालात. तिसरा मात्र विलायतेच्या नियतकालिकात. त्यात मी ठासून लिहिलं होतं, की मालकाचा चेहरा साठवण्याची मेंढीच्या मेंदूत एक ठराविक जागा असते. पुराव्यादाखल म्हसवडच्या बिराप्पा धनगरांची मेंढरं होती. बिराप्पा उभे राहिले की मेंढरं त्यांच्याकडे जात, मी उभा राहिलो की माझ्याकडे पाठ करत. एवढ्यावरून 'चेहरा ओळखतात' हे मी ठरवून टाकलं आणि मेंदूच्या चित्रात त्या जागी बाणही काढला.

यंदा आमच्या कॉलेजात रीडरची, म्हणजे माझ्या वरची, जागा निघाली. आमचे प्राचार्यसाहेब म्हणाले, तुमच्या कामाचा हवाला किती जणांनी दिला ते दाखवा. असे हवाले मोजणारी जाडजूड सूची पुण्याच्या एका ग्रंथालयात असते. अक्षर असं, की मुंगीनेही चष्मा मागावा. दिवसभर पानं उलटून तीन हवाले सापडले. त्यातले दोन मीच माझे दिलेले होते. तिसरा स्कॉटलंडच्या एका प्राध्यापकाचा! त्या आनंदात मी तुम्हाला कार्ड टाकलं. इथेच चुकलं.

त्यांचा निबंध मागवला, तो मुलाखतीच्या आदल्या दिवशी आला. त्यात माझ्याबद्दल एकच वाक्य होतं: 'प्रयोग कसा करू नये हे पाहायचे असल्यास मिरजेचा निबंध वाचावा; वासाचा विचार तिथे कुणाला शिवलेला नाही.' दुसऱ्या दिवशी समितीने विचारलं, परदेशी हवाला कोणता? खोटं बोलायचा मोह झाला होता, मामा. जिभेवर आलंही होतं. पण कागद हातात होता, तोच वाचून दाखवला. एक सभासद चहा पिता पिता हसले, तो चहा माझ्या अर्जावर सांडला. जागा दुसऱ्याला गेली.

मग मी चिडून म्हसवड गाठलं. स्कॉटलंडवाल्याला खोटं पाडायचंच, या तावात बिराप्पांच्या वाड्यापाशी पोचलो. (मेंढरांचा वाडा, मामा, काट्यांच्या कुंपणाचा.) बिराप्पांच्या पत्नी हरणाबाई कोकराला दूध पाजत होत्या. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "आवं मास्तर, मेंढरू आदी वास घेतंय. तोंडाचं मागनं बगू."

"मग तीन वर्षं मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कवा? 'हितं हुबं ऱ्हावा, तितं हुबं ऱ्हावा' एवढंच म्हनत हुता."

एवढं बोलून त्यांनी बिराप्पांचं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं आणि बिराप्पांना आंघोळ घालून माझा कोट चढवला. मी दोन पावलं चाललो, तर चाळीस मेंढरं माझ्यामागे! मी पळालो, तशी तीही पळाली. थेट एसटी स्टँडपर्यंत ही वरात गेली. कंडक्टर म्हणाला, "पावनं, टपावर बी एवढी बसायची न्हाईत." मागे बिराप्पा कोटात घाम पुसत हाळी घालायची विसरून हसत होते. इतका लाजलो, पण खरं सांगतो, तीन निबंध लिहून झाला नव्हता एवढा आनंद मला त्या स्टँडवर झाला.

परत येऊन त्याच नियतकालिकाला लिहिलं: मी चुकलो, बाण पुसावा. मेंढीला चेहराही कळत असेल, पण ते मी सिद्ध केलेलं नाही. वासाच्या या नव्या प्रयोगाचा छोटा निबंधही सोबत धाडला; त्यावर पहिलं नाव हरणाबाईंचं घातलं, दुसरं माझं. तो छापून आला, आणि आतापर्यंत त्याच्या प्रती मागणारी अकरा कार्डं आली. सगळी 'डॉ. हरणाबाई' यांच्या नावे. माझ्या नावे लायब्ररीची नोटीस आली आहे.

मामींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
सयाजी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. ते स्कॉटलंडचे प्राध्यापक पुढच्या महिन्यात हरणाबाईंना भेटायला म्हसवडला येत आहेत. तुम्ही सुभेदार असताना गोऱ्या साहेबांशी बोललेले आहात. दुभाषा म्हणून चार दिवस यावे.

ता. क. दुसरा. इंग्रजी मलाही येतं, हे मी हरणाबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमी नगा, मास्तर. मी एक सांगनार, तुमी त्यात बान काडनार."