पांढऱ्या झग्याची पोरगी

१६ जाने. ९५, जैनथ
सगळं बदललं ते काल दुपारी, बसथांब्यावर, गुरुजींच्या प्रज्ञाने पिशवीतून तो खोका काढून माझ्या हातात दिला तेव्हा. कॉलेज सुटलं तेव्हा नाही. आदिलाबादला लेक्चररची कॉलर धरली, नाव कटलं, राजन्ना पेंटरच्या दुकानात पाट्या रंगवायला बसलो, ते सगळं नुसतं होत गेलं.
खोका जपानचा. नागपूरच्या विहारात तिकडचे पाहुणे आले होते, त्यांनी तिच्या मामाला दिला. आत प्लॅस्टिकच्या जाळ्या, जाळ्यांत अडकलेले हात, पाय, केस, तलवार. कापायचे, जोडायचे, रंगवायचे, की पोरगी उभी राहते. कागदावर सगळं जपानीत. झाकणावर चित्र: हे एवढे डोळे, निळे केस, पांढरा झगा. तिकडच्या कार्टूनातली आहे म्हणे.
"तुया हात चांगला हाय. बनवून दे मले," म्हणाली. बस आली, गेली.
हात चांगला आहे. आज दिवसभर तेवढंच डोक्यात.

२० जाने.
ब्लेडने भाग कापतो. दोन बोटं कापली. सायकलच्या सोल्युशनने चिकटवले, सकाळी सगळे गळून पडलेले. राजन्नाने थिनर दिलं. धाकट्या भावाला म्हणतात तसं मला तम्मी म्हणतो. "थोडाच, तम्मी. प्लॅस्टिक को खाता ये." ब्रशच्या टोकाने फटीत एक थेंब सोडला की प्लॅस्टिक जरा विरघळतं, मग एकजीव होतं. पाय जमले. टाचेला जास्त लागलं, खड्डा पडला.
माय म्हणते गुरुजीच्या पोरीसंगं थांब्यावर उभा राहू नको, त्यांचं घर वेगळं, आपलं वेगळं. ताट फेकलं. मग भात मीच गोळा केला.

२७ जाने.
उभी राहिली! टेकू न लावता. डोळे वेगळ्या कागदावर आलेत, पाण्यात भिजवून चेहऱ्यावर सरकवायचे. एक तिरका बसला. रागावल्यासारखी दिसते. प्र. रागावते ती अशीच.
रंग. चित्रात झगा पांढरा. हात धजेना. काका गेले तेव्हापासून काकी पांढऱ्यात आहे. प्र.च्या हातात अशी पोरगी कशी देऊ?
लाल दिला. काठाला पिवळा. नवरीसारखी केली, मुद्दाम. इथे लिहून ठेवतो. तोंडाने होणार नाही.

१ फेब्रु.
दिली. आधी हसली, मग बघत राहिली.
"लाल काऊन केलं?"
म्हटलं, पांढरं अशुभ दिसते.
"आमच्यात नवरी पांढऱ्या लुगड्यात उभी राह्यते, दिगू. माही माय तशीच उभी होती. मी बी राहीन." मग हळूच, "शाळेपासून संगं हाय, अन् तुले इतकं बी मालूम नाही."
दहा वर्षं एका शाळेत. तिच्या घरी एकदाही चहा प्यालो नाही. लाजतो म्हणून जात नाही, असं स्वतःला सांगत आलो.
पोरगी तिने परत दिली. १२ तारखेला, रविवारी, तिला बघायला पाहुणे येणार. वणीचा मास्तर आहे.
"बाबा मले विचारतीन. तुले काई बोलायचं असन तर त्याच्या पहिले घरी ये, बाबासमोर बोल. थांब्यावर नाही."

४ फेब्रु.
लाल काढून पांढरा द्यायचा ठरवलं. रॉकेलने निघेना. फडक्यावर थिनर घेतलं. राजन्नाने सांगितलं होतं, टाचेचा खड्डा समोर होता, सगळं माहीत होतं. तरी घासत गेलो. राग तिच्यावर नव्हता. लाल निघाला, त्याच फडक्याने गालही गेला. एक डोळा खाली ओघळला.
राजन्ना म्हणाला, "फेंक दे." त्याच्या अंगावर थिनरचा डबा फेकला. उद्यापासून येऊ नको म्हणाला.
आधी कॉलेज. आता दुकान.

९ फेब्रु.
राजन्ना आला होता. पांढऱ्या रंगाचा उरलेला डबा ओट्यावर ठेवला, गेला. मी दारातूनच बघितलं. बोलायला पाहिजे होतं.
झग्याला रंगाचे दोन हात दिले. चेहरा तसाच. तिथे ब्रश न्यायची हिंमत नाही.
मायला म्हटलं, त्यांच्यात नवरी पांढऱ्यात असते.
"मालूम हाय मले. त्याइच्या मांडवासमोरूनच त वावरात जातो आपण. तू कुठं पाहत होता?"
भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "तिकडं जाशीन त वापस इथं येऊ नको."

१२ फेब्रु., रविवार, सकाळ
पाहुणे साडेदहाच्या बसने येतात. आता नऊ झाले.
रंग वाळला. एका बाजूने बरी दिसते. दुसऱ्या बाजूने रडून आल्यासारखी.
काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, खोडलं. गुरुजींना नमस्कार म्हणू की जयभीम, तेही ठरत नाही. शाळेत नमस्कार म्हणायचो, ते मान हलवायचे. जयभीम म्हटलं तर वाटेल मतलबासाठी म्हणतोय.
पोरगी टॉवेलात गुंडाळली. तलवार वेगळी, खिशात.
माय चुलीपाशी आहे. पाठ इकडे. जातो म्हटलं, वळली नाही.
वही फळीवर ठेवतो. बाहेरून दार मीच ओढून घेतो. आतून कडी लागते का, ते ऐकायला थांबणार नाही.