साध्या खाण्याचे वीस

सोमवार, ३
नोकरीचा पहिला दिवस आणि हातून एकही काच फुटली नाही, म्हणजे जिंकलेच. खाण्याचे रंग तपासणारी प्रयोगशाळा. चाळीस पांढरे उंदीर: वीस जणांच्या खाण्यात नवा केशरी रंग, वीस जणांचं खाणं साधं. मेलेल्या उंदरांची यकृतं, मूत्रपिंडं काढून तपासायची, हे माझं काम. बाटल्यांवर नुसते आकडे. कोण कोणत्या गटातला ती यादी आमच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात. आधी कळलं तर नजर बाटते म्हणे. टेबलावर त्याच रंगाच्या जेलीच्या गोळ्यांची बरणी, कंपनीकडून सगळ्यांसाठी. लेकीसाठी पिशवी भरून आणली. चिमी केशरी जीभ काढून आरशापुढे नाचली.

शुक्रवार, ७
पिंजरे मामा बघतात. साठीचे आहेत, मन लोण्याचं. आजारी उंदीर ओळखायला त्यांनीच शिकवलं: आधी पाणी पाणी करतो, मग खाणं सोडतो, मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो. त्यानंतर तुमच्या टेबलावर, म्हणाले. चिमीसाठी दुसरी पिशवी नेली. बाईसाहेबांना जेवणाआधी चार लागतात, जेवणानंतर चार.

बुधवार, १२
नऊ यकृतं पाहिली. चार जराशी सुजलेली. पाच मात्र फुगून पिवळी पडलेली, बोट लागलं की सायीसारखी फाटणारी. रंग खाल्लेले ओळखायला यादी कशाला हवी? स्वतःवर फार खूश होते.

सोमवार, १७
मॅडमनी यादी उघडली. ती पाचही साध्या खाण्याची निघाली. आकडे उलटसुलट झाले असतील, पुन्हा बघ, म्हणाल्या. पुन्हा बघितलं. तेच.
मामांना विचारलं तर आधी हसले, मग डोळे पुसायला लागले. साधं खाणारे बिचारे शेजारच्यांच्या रंगीत खाण्याकडे बघत बसायचे. म्हणून मामा रोज त्यांतल्या प्रत्येकाला बरणीतली एक गोळी द्यायचे. लेकरांत दुजाभाव करू नये, म्हणाले.
खाण्यात रंग चिमूटभर होता. गोळीत ठासून भरलाय.
रोज एकच गोळी.

मंगळवार, १८
उंदीर केवढासा, चिमी केवढी. फरक पडतोच. तीन पिशव्या झाल्या होत्या. उरलेल्या गोळ्या फेकल्या तेव्हा तिने घर डोक्यावर घेतलं. बरं वाटलं, रडण्यात जोर होता.
मग पाणी मागितलं.

बुधवार, १९
दुपारपर्यंत नऊ पेले. उन्हामुळे असेल, डॉक्टरही तेच म्हणाले. मी हट्टाने रक्त तपासायला लावलं.

गुरुवार, २०
चिमीचा डबा तसाच परत. आवडीचं केलं, तरी —
मॅडमना फोन केला. बरणी टेबलावरच आहे, आम्हाला कुणाला काही झालं नाही, म्हणाल्या. पण तुम्ही एखादी तोंडात टाकता, मी म्हटलं. ती तर —
मीच आणून दिल्या. माझ्या हाताने.

शुक्रवार, २१, सकाळ
दवाखान्यातून फोन. यकृताचे आकडे — लगेच आणा म्हणाले. गाडी बोलावलीय. ती येईपर्यंत लिहितेय. चिमीला बूट घालायला सांगून पाच मिनिटं झाली. हाक मारली, ओ देत नाही.
आतल्या खोलीत आहे. दिसली. कपाटाशेजारी, कोपऱ्यात, तोंड भिंती—