पेशंट धरणारी

३ तारीख, सोमवार

आणि वर म्हणे दवाखान्याच्या चपला सगळ्यांना एकाच मापाच्या. माझा पाय काय चपलेला विचारून वाढला? अर्धी टाच बाहेर, दिवसभर फटाक फटाक. स्टोअरवाल्याला सांगितलं तर म्हणतो, मावशी, पुढच्या महिन्यात बघू. तोवर मी काय उडत येऊ? घरी येऊन हेच चाललं होतं माझं, तर भाचीने तिची शाळेची उरलेली वही हातात दिली. म्हणाली, आमचे कान किटले, आता हिला सांग. मी चौथीपर्यंत शिकलेली. पण लिहिता येतं. बघू.

खरं सांगायचं तर चपला सोडल्या तर सगळं झकास आहे. बहिणीकडे खिडकीजवळची खाट मिळाली. नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात, आणि फरशी पुसायची नाही. काम एकच, पेशंट धरायची. बाईला कळा सोसत नाहीत तेव्हा भुलीचे डॉक्टर तिच्या कमरेत, दोन मणक्यांच्या मधे सुई घालतात आणि त्यातून एक बारीक नळी आत सोडतात. मग कमरेखाली दुखत नाही. बाई जागी असते, बाळ होतं, काही तासांनी पाय परत तिचे तिला. पण सुई जाताना हलायचं नाही. कळ आली तरी नाही. म्हणून मी. ती खाटेच्या कडेला बसते, पाय स्टुलावर, मी समोर उभी, तिचे दोन्ही खांदे माझ्या हातात, तिचं डोकं माझ्या छातीवर, पाठ चिडलेल्या मांजरासारखी गोल. सिस्टर म्हणाली, तुमचे दंड बघूनच तुम्हाला घेतलं. मला बरं वाटलं. दंडांचं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

६ तारीख, गुरुवार

डॉक्टर म्हणजे आईच्या पोटातून शिकून येतात असं मला वाटायचं. तसं नाही. कोपऱ्यातल्या खोलीत एक रबराची पाठ आहे. नुसती पाठ, ना मुंडकं ना पाय. शिकाऊ पोरं आधी तिला टोचतात. सुईच्या मागे सिरिंज लावायची आणि दट्ट्या दाबत दाबत पुढे जायचं. दट्ट्या अडतो, अडतो, आणि एकदम ढिला पडतो. तिथेच थांबायचं. नळी सोडायची जागा ती. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं अंगठ्याला कळायचं. चष्मेवाली म्हणून एक शिकाऊ डॉक्टरीण आहे, माझ्या भाचीहून थोडी मोठी. तिने मलाही एकदा दाबून बघू दिलं. ढिलं पडलं तेव्हा मी दचकलेच. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं.

सिरिंजमध्ये हवा भरायची का पाणी, यावरून या लोकांचं जावाजावांसारखं चालतं. मोठे सर सगळ्यांच्या वरचे, ते हवावाले. चष्मेवाली पाण्याची, कारण तिला पहिली सुई ज्या मॅडमनी शिकवली त्या पाण्याच्या. शिवाय बाईला बसवायचं का कुशीवर घ्यायचं, सुई मधून घालायची का जरा बाजूने, हे म्हणे पाठ बघून ठरवायचं. ठरवतंय कोण. ज्याने सायकल शिकवली त्याच्याच बाजूने माणूस जन्मभर उतरतो. चष्मेवाली मात्र खरंच पाठ बघते. हाताने चाचपते, बाईला विचारते, मग ठरवते. वेळ लावते. मला वेळ लावणारी माणसं आवडत नाहीत, पण हिच्यावर चिडता येत नाही.

११ तारीख, मंगळवार

वहीशी काय खोटं बोलायचं.

आज एक शिंपीण आली. नवऱ्याबरोबर दुकान आहे, पायाचं मशीन ही चालवते. कळा चालू असताना माझी बाही बघून म्हणाली, एवढी आवळून कोणी शिवली, रक्त थांबेल. मी हसले. तिच्या पाठीला बाक होता, म्हणून चष्मेवालीने सुई बाजूने घालायची ठरवली, पाण्याने. मी खांदे धरले. कळ वाढली तशी शिंपिणीने माझा गळा धरला. नखं रुतवली. चष्मेवाली मागून म्हणत होती, थोडंच राहिलंय, थोडंच. ते थोडं काही संपेना. माझ्या मानेची आग व्हायला लागली. मी म्हणाले, "सोड गं, गळाच धरलास माझा," आणि तिचा हात झटकला. झटकताना माझे दोन्ही हात सुटले. ती अंगावर आली आणि किंचाळली. सुई आत होती.

बाळ छान आहे. मुलगी. शिंपिणीचे पाय संध्याकाळ झाली तरी परत आले नाहीत.

मोठ्या सरांनी विचारलं, पेशंट हलली का. मी सांगितलं, नाही सर, मी घट्ट धरली होती. चष्मेवाली मागे होती, तिला माझे हात दिसले नाहीत. शिंपिणीला कळेपुढे काही आठवत नाही. चष्मेवाली आपल्याच अंगठ्याकडे बघत बसली होती.

आठ दिवसांची नोकरी. घालवू का?

१२ तारीख, बुधवार

आज चपला लागल्या नाहीत. टाचेची सालं निघाली आहेत, रक्तही आलंय, पण लागत नाही. सवय झाली असेल.

१४ तारीख, शुक्रवार

शिंपिणीचा नवरा भेटला. भला माणूस. हात जोडून विचारलं, मावशी, तुम्ही तिथे होतात, नेमकं काय झालं. मी तेच सांगितलं. घट्ट धरली होती. तो म्हणाला, तुमचे उपकार.

दुपारी घरी पाणी तापवलं, पातेलं हातातून निसटलं आणि उकळतं पाणी उजव्या पायावर आलं. बहीण ओरडली. मी पायाकडे बघत उभी. कातडी वर आली, आणि मला काहीच नाही. दुसऱ्याच कोणाचा तरी पाय.

१५ तारीख, शनिवार

सिस्टर खुशीत सांगत आली. काल दुपारी शिंपीण एकदम ओरडायला लागली, उजवा पाय भाजला म्हणाली. डॉक्टरांनी चादर काढून बघितलं, पायावर काही नाही. पण सगळे खूश, म्हणे जाणीव परत येतेय.

पायाचा अंगठा मात्र तिला हलवता येत नाही.

मी पट्टी बांधलेला पाय खुर्चीखाली घेतला.

१७ तारीख, सोमवार

भूल कुठवर चढली हे डॉक्टर बर्फाच्या खड्याने बघतात. गार लागतं का, विचारत वर वर जातात. मी ट्रेमधून एक खडा घेतला आणि संडासात जाऊन लावून बघितला. पावलाला नाही. नडगीला नाही. गुडघ्याच्या वर चार बोटांवर लागला. तिथे पेनने रेघ मारली.

मग मोठ्या सरांनी रबराच्या पाठीपाशी सगळ्या शिकाऊ पोरांना जमवलं. मलाही बोलावलं. विचारलं, सांगा यांना, पेशंट हलली होती का. मी सांगितलं, नाही. सर म्हणाले, म्हणजे चूक पद्धतीची. आजपासून या वॉर्डात पाणी नाही, बाजूने नाही. सगळ्यांनी हवा, सगळ्यांनी मधून, पाठ कशीही असो. पोरांनी माना डोलावल्या. आता ही पोरं म्हातारी होईपर्यंत असंच करणार. आणि पुढच्यांना असंच शिकवणार.

लगेच एक वाकड्या पाठीची बाई आली. मधून सुई जाईना. काढली, घातली, काढली, घातली. मी धरून होते. यावेळी घट्ट.

परत जाऊन खडा लावला. रेघेवर गार लागलं नाही. मांडीलाही नाही.

१८ तारीख, मंगळवार

प्रत्येक वेळी तेच बोलले की माझी भूल आणखी वर चढते.

शिंपिणीने निरोप पाठवून बोलावलं. जायचं नव्हतं. गेले. बाळ कुशीत होतं. तिने चादरीवरून आपले पाय कुरवाळले आणि अगदी मऊपणे म्हणाली, "मावशी, जरा बसत जा हो. माझे पाय दुखतात."

मी उभीच होते. मग बसले. तिने हुश्श केलं.

१९ तारीख, बुधवार

कमरेपर्यंत. पायांकडे बघत चालते. बघितलं नाही तर कुठे पडतात कळत नाही.

लिहायला बसलं की समोरून कोणीतरी खांदे धरतं. घट्ट. माझ्यासारखं नाही — सोडतच नाही. पाठीवर स्पिरिटचा बोळा फिरल्यासारखं गार. तेवढंच गार लागतं आता, बर्फ नाही.

चष्मेवालीला शनिवारच्या मीटिंगमध्ये काढणार. आज ती मला म्हणाली, मावशी, तुम्ही तरी तुमचं काम नीट केलंत. मी हो म्हणाले. हो म्हणाले मी —

बरगडीपर्यंत.

२० तारीख, गुरुवार

सिस्टरने कागद आणला. त्यावर लिहिलेलं, मी घट्ट धरली होती, खाली माझी सही हवी. नाही म्हणता आलं असतं. तोंड माझं होतं, जीभ माझी होती. नोकरी जाईल, बहिणीच्या दारात काय तोंड — सही केली.

डाव्या हाताची बोटं गेली. मेली.

२१ तारीख, शुक्रवार

वॉर्डाबाहेरच्या बाकावर लिहितेय. आत शिंपीण ओरडतेय. इथवर ऐकू येतं. म्हणते, माझा हात कोण चालवतंय — माझ्या हाताने कोण लिहितंय —

खांदे धरलेत. मागून दट्ट्या दाबतोय कोणी. अडतोय, अजून अडतोय.

मोठे सर, ही वही भाची तुम्हाला देईल. मी सोडली तिला. मी. हवा नाही, पाणी नाही, बाजू नाही. पोरीचा अंगठा बरोबर होता. हात माझा सुटला — गळा दुखला म्हणून. तेवढ्यासाठी. सही खोटी. त्या पोरांना परत जमवा, त्या रबराच्या पाठीपाशीच, आणि सांगा — वाकडी पाठ दिसली तर बाजूने घाला, त्या शिंपिणीची शपथ —

चष्मेवालीला ठेवणार का नाही ते सांगा. शिंपिणीला सांगणार का नाही ते सांगा. गोल गोल नको, हो का नाही. उद्या शनिवार, मीटिंगच्या आधी मला उत्तर पाहिजे. आधी. नंतर ऐकायला मी — दट्ट्या ढिला पड