दोन खटक्यांमधलं

मी, लिबुशे वानेचकोवा, राहणार प्रझेरोव, निवृत्त छायाचित्रकार, कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डोळेही शाबूत आहेत, दोन्ही. सगळी भानगड त्यांचीच.

१. राहते घर माझी विद्यार्थिनी हेडविका हिला द्यावे. माझी धाकटी बहीण ब्लाझेना हिचा त्यावर डोळा आहे, तो तसाच राहू द्यावा.

२. रुंद फिल्मचा कॅमेरा आणि तो ज्यावर सरकतो ती पट्टीही हेडविकाचीच. पोरी, चित्र सपाट नको, त्यात खोली हवी तर माणसांना आधीच बजाव, की खटका दोनदा वाजतो. पहिला डाव्या डोळ्याचा, मग कॅमेरा बाजूला सरकवून दुसरा उजव्या डोळ्याचा. तोवर हलायचं नाही. मीही बजावलं होतं. पण माझ्या नवऱ्याने, रादिमने, कधी माझं ऐकलंय?

३. बेचवा नदीकाठच्या सहलीची चित्रजोडी. रादिम आणि ब्लाझेना चादरीवर, मध्ये केकची टोपली. पहिला खटका वाजला. मी मान खाली घालून फिल्म पुढे घेतली, कॅमेरा सरकवला, दुसरा दाबला.

"झालं ना गं एकदाचं?" रादिम म्हणाला.

"आत्ता झालं."

फिल्म धुऊन दोन्ही चित्रं चौकटीत बसवली, डाव्या डोळ्याला डावं आणि उजव्याला उजवं चित्र दाखवणाऱ्या दुभिंगी डब्याला डोळे लावले. नदी लांब, टोपली अगदी हाताशी. फक्त टोपलीमागे काहीतरी लुकलुकत होतं. एकेक डोळा मिटून पाहिलं. डाव्या चित्रात दोघं लांब बसलेली. उजव्यात त्याचा हात तिच्या हातात.

ब्लाझेना दर नाताळात तो डबा मागायची आणि उजवा डोळा मिटून बघायची. "ताई, दोन्ही डोळ्यांनी बघितलं की डोकं दुखतं बाई! पण भावोजी काय सज्जन दिसतायत!"

मी दोघांना नाताळचा मासा वाढला. रादिम गेला तेव्हा ती माझ्याच खांद्यावर रडली, मेली! आणि मी तिची पाठ थोपटली.

४. ही जोडी वेगळी करावी. उजवं चित्र ब्लाझेनाला द्यावं. ते तिचंच आहे. डावं माझ्या शवपेटीत ठेवावं. त्यात मला अजून नवरा आहे, बहीण आहे.

हे सारं माझंच म्हणणं आहे, म्हणून खाली सही केली.

लिबुशे वानेचकोवा
प्रझेरोव, ११ नोव्हेंबर १९९८

आमच्यादेखत सही झाली:
व्लास्तिमिल हाबर्मान, शेजारी
यार्मिला स्टेखोवा, परिचारिका