सइकियानी काकूंची ढेकी आणि सरकारी तराजू

बगरीगुडी,
माघ बिहूला आठ दिवस बाकी

तीर्थरूप खगेनमामांना दीपेनचा पायांना हात लावून नमस्कार.

तुमचा खोकला गेला का, लाल गाय व्यायली का, ते सविस्तर कळवा. इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे आज दुपारपासून आहे. गेला महिना काही खरं नव्हतं.

इथली सरकारी अन्नतपासणी प्रयोगशाळा माझ्या देखरेखीखाली बांधली, हे तुम्ही अख्ख्या गावाला सांगितलंच आहे. तिच्यात एक तराजू आहे, पापणीच्या केसाचंही वजन सांगणारा. असल्या नाजूक जिवाला शांतता हवी, म्हणून मी त्याची खोली रस्ता आणि जनरेटर टाळून मागच्या कुंपणाला लागून काढली. (तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. आता ते नाही म्हणतात.) पण रोज सकाळी दहा वाजले की तराजूवरचे आकडे नाचायला लागत! प्रयोगशाळेच्या प्रमुख चेतियाबाईंनी आधी सगळ्यांच्या चपला काढवल्या, मग बोलणं बंद केलं, शेवटी अंगानं भारी म्हणून बिचाऱ्या हेडक्लार्कला दुसऱ्या इमारतीत धाडलं. आकडे नाचतच! त्यात सोमवारी दिल्लीची मंडळी तपासणीला येणार. तराजू स्थिर नसेल तर मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर माझी बदली कुठे होईल, ते विचारू नका.

साहेब म्हणाले, पायाच कच्चा. म्हणून आज सकाळी तराजूच्या ओट्याशेजारी खणून मी स्वतः खड्ड्यात उतरलो. मातीला कान लावला, तर आतून धप्प! धप्प! (आधी मी देवाचं नाव घेतलं, अभियांत्रिकी नंतर आठवली.) कुंपणावरून डोकावलो, तर पलीकडे सत्तरीच्या सइकियानी काकू ढेकीच्या एका टोकावर पाय देऊन दुसऱ्या टोकाचं मुसळ उखळात आपटत होत्या. महिनाभर रोज दहा वाजता हेच, बिहूच्या गोड पिठ्यांचे तांदूळ!

मी हात जोडले. “काकू, आमचा तराजू पापणीचा केसही मोजतो. तुमच्या ढेकीनं तो हलतोय, सरकार हलतंय.”

“हलू दे की! ही माझ्या सासूच्या वेळची. तुझा तराजू कालचा.”

“सोमवारपर्यंत तरी थांबवा हो.”

“आणि बिहूला पाहुण्यांना काय तुझ्या तराजूतला केस वाढू?”

मागून आलेल्या चेतियाबाई खो-खो हसल्या. महिनाभरात प्रथमच! मग काकूंनी आम्हाला बसवून तीळ-गूळ भरलेले पिठे खाऊ घातले आणि ढेकी थांबवली. आकडे दगडासारखे बसले आहेत. हेडक्लार्कला आम्ही टाळ्या वाजवत परत आणलं.

मामींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमचा लाडका,
दीपेन

ता. क. काकूंनी फुकट ऐकलं नाही. त्यांचे वीस किलो तांदूळ दुसऱ्या ढेकीवर कांडून देण्याचा शब्द मी दिलाय. तुमच्याकडची ढेकी चालू आहे ना?

ता. क. २. तांदूळ भिजवलेले असल्यामुळे थांबणार नाहीत. हे पत्र त्या तांदळाच्याच पोत्याच्या तोंडाला बांधून बसनं पाठवतोय.

ता. क. ३. मामींचे गुडघे दुखतात, हे मी काकूंना सांगितलं. मग कांडणार कोण, असं त्यांनी विचारलं. मी तुमचं नाव दिलंय.