अंगाईची चाल आणि चार सॉफ्टवेअर

३ जून, सकाळ
संकल्प. लेक एकवीस तारखेला नोकरीसाठी परगावी जाणार. त्याआधी, तिच्या लहानपणी मी रचलेली अंगाई माझ्या आवाजात रेकॉर्ड करून तिला द्यायची. घरच्याच कॉम्प्युटरवर. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. चाल ओरिजिनल आहे, बाहेर फुटली तर कुणीतरी ढापणार.
सॉफ्टवेअर निवडायला दोन दिवस, रेकॉर्डिंगला एक. बाकी आराम.

४ जून
मेहुण्याला सहज म्हणून विचारलं. तो समारंभांत कीबोर्ड वाजवतो. म्हणाला, दाजी, नवशिक्यांसाठी एक सोपं आहे, फुकट आहे, काही काळजी नको, आजच टाका. फुकट का? आणि आजच का? तेवीस वर्षं मी लिफ्ट तपासतो आहे. ‘काही काळजी नको’ म्हणणाऱ्या मालकाच्या लिफ्टचा ब्रेक हमखास झिजलेला निघतो.

५ जून
टाकलं. उघडल्या उघडल्या मायक्रोफोन वापरायची परवानगी मागितली. म्हणजे घरातलं सगळं ऐकणार! नाही म्हटलं. तर वर तोंड करून म्हणतं, आवाज येत नाही. चोराच्या उलट्या बोंबा. काढून टाकलं.

८ जून
दुसरं. टाकण्याआधी अटी वाचल्या. बेचाळीस पानं, तीन दिवस. सतराव्या पानावर ‘आम्ही आपल्या खासगीपणाचा मनापासून आदर करतो.’ मनापासून? माझा सख्खा भाऊ करत नाही. रद्द.

१० जून
तिसरं. ‘खास बिगिनर्ससाठी’ असं ठळक लिहिलंय. मी बिगिनर नाही, शाळेच्या समूहगीतात दुसऱ्या रांगेत होतो. पण त्यांचा गैरसमज राहू द्यावा.
पडद्यावर शंभरेक बटणं. बिगिनरला इतकी कशाला? आख्ख्या लिफ्टचं भागतं सातांत. एक दाबलं तर ड्रम वाजायला लागले. थांबेनात. ही स्वयंपाकघरातून आली, प्लग उपटला आणि न बोलता परत गेली. न बोलता का गेली, यावर विचार केला पाहिजे.

१३ जून
मेहुण्याचा फोन. झालं का दाजी, म्हणतो. याला इतकी घाई कसली? चालीवर डोळा आहे. बोलताना मी गुणगुणत नाही ना, याकडे बारीक लक्ष ठेवलं.

१४ जून
चौथं. हे नेटशिवाय चालतं. तरी खात्री म्हणून नेटची वायर काढून उशीखाली ठेवली. लेकीची नव्या ऑफिसबरोबर मीटिंग चालू होती म्हणे. बरंच बोलली.
दोन तास गायलो. पडद्यावर सरळ रेष. हेही फसवं, असं जाहीर केलं. लेक आली, वाकून बघितलं आणि मायक्रोफोनच्या भोकावरची चिकटपट्टी काढली. ती मीच लावली होती, सुरक्षेसाठी. तिला सांगितलं, मी सॉफ्टवेअरची परीक्षा घेत होतो. बरं, म्हणाली.

१८ जून
झालं! आवाज घुमू नये म्हणून कपाटात तोंड घालून गायलो. तिसऱ्या ओळीवर शिंक आहे, राहू दे. फाइलचं नाव ‘लिफ्ट नंबर सात, तेलपाणी’. आता येऊ दे कुणाला चोरायला.

२० जून, संध्याकाळ
लेकीची बॅग भरून झाली. खोलीचं दार लावलं, हेडफोन तिच्या हातात दिला. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. मला वाटलंच होतं. म्हटलं, कुणाला ऐकवू नकोस, चाल माझी आहे.
तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाबा, ही तर आईची. आई रोज म्हणायची. तुम्ही थोपटायला बसायचात आणि दुसऱ्या ओळीला माझ्याआधी घोरायला लागायचात.
शक्य नाही, म्हटलं. तिने दार उघडून आईला विचारलं. ही इस्त्री करत होती. हातातली इस्त्री खाली न ठेवता हिने चारही कडवी म्हटली. मला एकच येत होतं. शेवटच्या कडव्यात लेकीचं नाव आहे, हे मला आज कळलं. फार वाईट वाटलं. मेहुण्यावर, चार कंपन्यांवर संशय घेतला, आणि चाल होती घरातच.
लेकीने मोबाईल काढला. परवानगी मागितली त्याने, तिने न वाचताच दिली. एक बटण दाबलं आणि आईला पुन्हा म्हणायला लावलं. सुरू करताना मला म्हणाली, बाबा, तेवढा पंखा बंद करता?
केला. दोन मिनिटांत रेकॉर्डिंग झालं. मी पंख्याच्या बटणापाशी उभा होतो, हललो नाही.
मग तिघांनी मिळून ऐकलं. मागे खरखर अजिबात नाही. एवढं स्वच्छ रेकॉर्डिंग पंखा चालू असता तर झालं नसतं, हे दोघींपैकी एकीनेही बोलून दाखवलं नाही.